टॉवेलखालचा आकडा

नारायणगावात माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. बंगल्यावर, गोठ्यावर, द्राक्षबागेच्या गेटवर, टोमॅटोच्या गाळ्यावर मी सीसीटीव्ही बसवून देतो. या धंद्यात दहा-बारा वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते, ती म्हणजे आपल्याकडे लोकांना चोराची भीती कमी आणि भाऊबंदांची जास्त. बोलावतात गेटवर कॅमेरा बसवायला, आणि शेवटी तो चुलत्याच्या बांधाकडं तोंड करून बसतो. मी त्यात पडत नाही. तोंड कुठं वळवायचं ते गिऱ्हाईक ठरवतं, मी फक्त स्क्रू पिळतो.

लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं तेव्हा मी मोबाइलवर थोडी थोडी क्रिप्टो, म्हणजे बिटकॉइनसारखी आभासी नाणी, घ्यायला लागलो. चोरीचा मामला नव्हता. कर भरला होता, पावत्या होत्या. पण तेव्हा घरात बायको सोडून कोणालाही त्याचा पत्ता नव्हता, आणि बायकोलाही किती ते माहीत नव्हतं. इथंही किती ते लिहिणार नाही. ही सवय मला वडिलांकडून आलेली आहे.

वडील, म्हणजे आबा, बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे दलाल होते. घेणारा आणि विकणारा यांच्या मध्ये उभं राहून सौदा जुळवायचा हा त्यांचा धंदा. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचा टॉवेल हातावर टाकायचा, त्याखाली समोरच्याची बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, पाची धरली तर पाच, पाची धरून सोडली आणि परत एक धरलं तर सहा. एक आकडा संपला की तळहात दाबायचा. शून्याला बोट नाही. एक म्हणजे एक हजार की दहा हजार, हे समोर बैल कसा उभा आहे त्यावरून दोघांनाही कळतं. भोवती पन्नास माणसं उभी असतात, सगळी टॉवेलकडं बघत असतात, आणि कोणाला काही कळत नाही. सौदा झाल्यावर कोणी विचारलंच, तर मोठ्यानं सांगायचा एक वेगळा भाव असतो. तो खोटा आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरीही विचारतात.

आबांनी ही रीत घरातही चालवली. दोडका काय भावानं आणला असं आईनं विचारलं तरी ते सरळ सांगायचे नाहीत. आई म्हणायची, या माणसाला देवानं तोंड फक्त जेवायला दिलंय.

तर माझी नाणी. ती मी मोबाइलमधून काढून एका यंत्रावर घेतली. हार्डवेअर वॉलेट म्हणतात. दिसायला पेनड्राइव्हसारखं, दोन बटणं आणि नखाएवढा पडदा. खरं तर नाणी त्यात नसतात, त्यांची किल्ली असते. सुरुवातीला ते यंत्र चोवीस इंग्रजी शब्द देतं, ते कागदावर उतरवून ठेवायचे. यंत्र हरवलं, जळलं, तरी त्या शब्दांवरून सगळं परत मिळतं. म्हणजेच तो कागद ज्याच्या हाती लागेल, त्याचं सगळं. म्हणून त्यात एक पुढची सोय असते. चोवीस शब्दांना आपल्या मनातला आणखी एक शब्द किंवा आकडा जोडायचा. तो जोडला की त्याच यंत्रात दुसरंच पाकीट उघडतं, एरवी त्याचा मागमूसही दिसत नाही. दुसरा आकडा दाबला की तिसरं पाकीट. यंत्र कोणत्याच आकड्याला चूक म्हणत नाही. आकडा चुकला तर फक्त रिकामं पाकीट समोर येतं, आणि ते रिकामंच आहे की आपण चुकलोय, हे यंत्र सांगत नाही.

मी दोन आकडे केले. एका आकड्याखाली थोडंसं ठेवलं, कोणी गळ्यावर सुरी ठेवलीच तर दाखवायला. बाकीचं सगळं दुसऱ्याखाली. आणि हायवेवर रोज मोटरसायकल चालवणारा माणूस कधी मरेल सांगता येत नाही, म्हणून ते दोन्ही आकडे कोणाकडं तरी ठेवायचे ठरवले. आबांइतकं पक्कं माणूस माझ्या माहितीत दुसरं नव्हतं.

ओट्यावर बसून ते शेंगा फोडत होते. मी अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी शेंगा फोडायचं न थांबवता ऐकलं.

"म्हंजी दावायचा एक आन् खरा एक," ते म्हणाले. "यात नवीन काय काढलं तुमच्या लोकांनी?"

मी खिशातून चिठ्ठी काढली. त्यांनी तिच्याकडं असं पाहिलं की मी ती परत खिशात घातली.

"लिवलं की ते समद्यांचं झालं. हात आन हिकडं."

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला. दावायचा आकडा तीन, आठ, एक, पाच, पाच, दोन. खरा वेगळा. शून्य दोन्हींत नव्हतं, ती काळजी मी आधीच घेतली होती. त्यांनी दोन्ही आकडे दोनदा माझ्या बोटांवर परत करून दाखवले.

"एक आत्ताच सांगून ठेवतो," ते म्हणाले. "तिसरं मानूस असंल तर मी दावायचाच देनार."

"मीच मागितला तरी?"

"तूच तर मागशील. तुझ्या पाठीला कोन उभं हाय, मला काय ठावं?"

मी हसलो होतो. पुढची चार वर्षं मी ते खरं पाकीट उघडलंच नाही, कारण उघडायची गरज पडली नाही. दावायचं मात्र अधूनमधून उघडायचो, दाजींना वगैरे दाखवायला. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. एवढंच आहे होय, असं म्हणून त्यांनी मान हलवली की मला बरं वाटायचं.

मग आबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा थोडा हलायचा. डॉक्टरांनी विचारलं, आजोबा, माझं बोलणं कळतंय का, कळत असेल तर हात दाबा. आबांनी दाबला नाही. डॉक्टर म्हणाले, आत किती पोचतंय ते सांगणं अवघड आहे. बहिणीनं त्याचा अर्थ काहीच पोचत नाही असा घेतला, आणि खरं सांगायचं तर मीही तोच घेतला. तो सोयीचा होता.

ताई मंचरला असते. तिला सारखं येणं जमेना, म्हणून तिच्या हट्टानं मी आबांच्या खोलीत कोपऱ्यात कॅमेरा बसवला. माझ्याच दुकानातला, बोलायची सोय असलेला. ती मंचरहून मोबाइलवर बघायची आणि मधूनच छतातून तिचा आवाज यायचा, "आबा, जेवला का?" आबा वर बघत राहायचे. बायको शाळेत शिकवते, मी दुकानात. दिवसभर बघायला बाई ठेवली, ती महिन्यात सोडून गेली. दुसरी आठवड्यात गेली.

शेवटी आम्ही ठरवलं की पुण्याच्या बाजूला एक सांभाळणारी संस्था आहे, तिथं ठेवायचं. हे ठरलं आबांच्या खाटेशेजारी उभं राहूनच. ताई म्हणाली, "त्यांना काय कळतंय रे आता? हितं काय आन् तिथं काय." मी हो म्हणालो. वार ठरला, रविवार. त्यांची दोन धोतरं आणि चार बंड्या एका पिशवीत भरून ती पिशवीही मी खाटेखालीच ठेवली.

आणि मग मला आठवलं की खरा आकडा मला आठवत नाही.

ही गोष्ट मी अभिमानानं सांगत नाही. वडील घरातून चालले होते आणि मी बसलो होतो यंत्राची बटणं दाबत. आबांच्या जुन्या स्कूटरचे आकडे घातले, शेताचा गट नंबर घातला, लग्नाची तारीख उलटसुलट घातली. दर वेळी एक नवं पाकीट उघडायचं, स्वच्छ आणि रिकामं. चुकलास असं ते एकदा म्हणालं असतं तरी बरं वाटलं असतं. खरं पाकीट उघडलं असतं तर घरी कायमचा माणूस ठेवता आला असता, हेही मनात आलं. पण ते नंतर आलं, आधी आकडाच आला.

बुधवारी ताई आली होती आणि आबांना पेज भरवत होती. मी सहज बसल्यासारखा पलीकडून बसलो, टॉवेल टाकला आणि त्यांचा डावा हात धरला. ताईला वाटलं मी हात चोळतोय. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यांच्या बोटांनी माझी तीन बोटं धरली. मग पाची, मग परत तीन. म्हणजे आठ. मग एक. तीन, आठ, एक, पाच, पाच, दोन. दावायचा आकडा होता तो, पण आकडा होता! हे काही हाताचं आपोआप वळणं नव्हतं. आणि तिसरं माणूस तर समोर वाटी घेऊन बसलंच होतं. आबांना नियम आठवत असेल तर त्यांना सगळंच कळत असेल. मी ताईला काही बोललो नाही. खात्री करून घ्यायची होती.

गुरुवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून घरी आलो. बायको शाळेत होती. दार लावलं, खिडकी लावली, खाटेजवळ स्टूल ओढलं. "आबा, कुनी न्हाई हितं. मी एकटाच हाय." टॉवेल टाकला.

तीन, आठ, एक, पाच, पाच, दोन.

मी परत विचारलं. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच, अगदी त्याच संथपणानं.

मग मी हात काढून घेतला. आदल्या दिवसापासून मी जी आशा धरली होती ती संपली. पाठ झालेलं कधीतरीचं काहीतरी बोटांत उरलंय, बाकी आत कोणी नाही, असं मी स्वतःला सांगितलं. वाईट वाटलं. लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्यात चीडही होती. आबा मात्र माझ्याकडं बघतच नव्हते. वर कुठंतरी शून्यात बघत होते, गेले तीन महिने बघत होते तसेच.

तेवढ्यात छतातून आवाज आला. "काय रे, आज दुकान बंद का?"

मी दचकलो. "जेवायला आलो होतो," मी म्हणालो. आवाज बंद झाला.

आबा त्या आवाजामुळं वर बघायला लागले नव्हते. ते आधीपासूनच तिकडं बघत होते. मी त्यांच्या नजरेच्या रेषेत मान वळवली. ती शून्यात जात नव्हती. ती माझ्या कॅमेऱ्याच्या तांबड्या ठिपक्यावर जात होती.

अर्ध्या तालुक्याला कॅमेरे बसवणारा माणूस मी. खोलीत आपल्याशिवाय कोणी नाही असं म्हणताना माझ्याच हातानं ठोकलेली वस्तू मी मोजली नव्हती. आबांनी मोजली होती.

मी स्टुलावर चढलो आणि टॉवेल कॅमेऱ्यावर टाकला. खाली उतरलो, आता हातावर टाकायला दुसरं काही नव्हतं म्हणून पांघरुणाखालीच हात घातला. आबांची नजर एकदा कोपऱ्याकडं गेली आणि मग, तीन महिन्यांत पहिल्यांदा, माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी माझी पाची बोटं धरली, सोडली, आणि चार धरली.

नऊ. पुढचं मी मोजलंच नाही. मला रडू यायला लागलं होतं. सगळे आकडे देऊन झाल्यावर ते थांबले आणि मी नुसताच बसलोय हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी माझ्या करंगळीला असा चिमटा काढला की मी ओय केलं. बाजारात लक्ष नसलेल्या गिऱ्हाइकाला काढायचे तसा. मग त्यांनी आकडा पहिल्यापासून परत दिला. तो आता निकामी आहे म्हणून लिहितो. नऊ, चार, चार, सात, एक, सहा.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा त्यांनी हात का दाबला नसेल, ते मला तेव्हा कळलं. उघड्यावर हात दाबायचं त्यांच्या जन्मात कधी घडलं नव्हतं.

पाकीट उघडलं. ठेवलेलं जसंच्या तसं होतं. फोन हातात घेतला तर त्यावर ताईचे सहा कॉल येऊन गेले होते. सातवा मी उचलला.

"कॅमेरा का झाकलास?"

"ताई, घरी ये, सांगतो."

"अंगठा घेतलास का आबांचा?"

अंथरुणाला खिळलेला बाप, बंद दार, झाकलेला कॅमेरा. यातून आपल्याकडचं कोणीही माणूस एकच गोष्ट काढणार, की कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि जमीन नावावर करून घेतली. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच काढलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती आणि दाजी आले. चप्पल काढायच्या आधी ती आत गेली, आबांचा डावा हात उचलला आणि अंगठ्याला शाई लागलीय का ते उजेडात धरून पाहिलं. मग उजव्याचाही पाहिला. शाई नव्हती. ती धुतलेली असू शकते, असं दाजी म्हणाले.

तेव्हा मी सगळं सांगितलं. यंत्र, चोवीस शब्द, दोन आकडे, दाजींना आजवर दाखवलेलं पाकीट कोणतं, खरं कोणतं. दाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण त्यात मजा वाटायच्या पलीकडं मी गेलो होतो. मी म्हणालो, आबांना सगळं कळतंय, त्यांना कुठंही पाठवायचं नाही, मी घरी माणूस ठेवतो.

"चार दिवसांमागं तूच पिशवी भरलीस," ताई म्हणाली. "आता घबाड सापडलं तर माया आली व्हय? आन् त्यांनी आकडा दिला, हे आमी कशावरनं खरं मानायचं? तुझा तुलाच आठवला असंल."

पिशवीचं तिचं खरं होतं आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. "थांबा, यंत्र उघडूनच दाखवतो," मी ओरडलो. "नऊ! चार! चार! सात..."

खाटेच्या लोखंडी दांडीवर आबांचा डावा हात धाडकन आपटला. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला, शब्द नव्हता तो, पण त्याचा अर्थ त्या खोलीतल्या तिघांनाही लहानपणापासून नाहीतर लग्नापासून ठाऊक होता. चाळीस वर्षांत या माणसानं कुणाचा भाव उघडा केला नव्हता, आणि त्याचा मुलगा भर सकाळी तो दोघांपुढं ओरडून सांगत होता. तीन महिने न वळलेली मान त्यांनी कष्टानं, थोडी थोडी करत वळवली आणि तोंड भिंतीकडं केलं.

ताई हळूच खाली फरशीवर बसली.

"आपन काय काय बोललो रे हितं," ती म्हणाली. "ह्यांच्यासमोर."

ती उठली तेव्हा तिनं खाटेखालची पिशवी ओढली आणि धोतरं परत कपाटात लावली. ती पंधरा दिवस राहिली. कॅमेरा मी त्याच दुपारी काढला, भिंतीत स्क्रूची दोन भोकं राहिली आहेत. मोठ्यानं बोललेल्या आकड्यात काही राम नव्हता, म्हणून नाणी तात्पुरती दुसरीकडं हलवली. आहुप्याकडचा एक शांत माणूस दिवसभरासाठी मिळाला, तो अजून आहे. खोलीत आल्यावर तो आधी आबांना विचारतो आणि मग काम करतो. ताईनं त्याला तसं बजावून ठेवलं आहे.

आबांनी मला मात्र चार दिवस हात दिला नाही. ताईच्या हातून पेज घ्यायचे, मी चमचा पुढं केला की ओठ मिटायचे. मी रोज शेजारी बसायचो आणि उठून जायचो. माफी मागितली, तीही टॉवेल न टाकताच मागितली. ती पोचली असावी, पण स्वीकारली गेली नाही.

पाचव्या दिवशी बसलो होतो तेव्हा पांघरुणातून डावा हात बाहेर आला. आबांनी आधी कोपऱ्यातल्या दोन भोकांकडं पाहिलं. मग दाराकडं पाहिलं. दारात ताई उभी होती. ती क्षणभर तशीच थांबली, मग पदर खोचत स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांडी वाजवायला लागली.

मी टॉवेल टाकला. त्यांना नवा आकडा हवा असणार असं मला वाटलं, आणि मी तो अजून ठरवलाच नव्हता. तसं सांगायला मी तोंड उघडलं तोच त्यांनी माझी बोटं धरली. आकडा त्यांनी स्वतःच ठरवून ठेवला होता. एकेक बोट धरत, मध्ये दम घेत, त्यांनी तो मला दिला.

या वेळी मी नीट मोजला.